२६ जानेवारी : नुसती सुटी नव्हे



आमच्या गावची एक मुलगी तालुक्याला अकरावीत शिकते. एके दिवशी ती कागद घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, आमदारसाहेबांना पत्र लिहिलंय. शुद्धलेखन तेवढं तपासा."

आम्ही पत्र वाचले. त्यात लिहिले होते :

"२६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन होते. मुलांना खाऊ मिळतो. मग सारे आपापल्या कामाला जातात. ग्रामसभा भरली, असे वहीत लिहितात. माझ्या आजीचा अंगठा घरी येऊन घेतात. सभेत काय ठरले, ते तिला कोणी सांगत नाही. आपण कायदे करणाऱ्या सभेत बसता. या दिवशी गावोगाव खरी सभा भरावी आणि गावाचा जमाखर्च मोठ्याने वाचला जावा, म्हणून आपण विधानसभेत बोलावे."

पोरीनं नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं. कारण हा दिवस मुळात सभेचाच आहे. कसा, ते ऐका.

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. आम्हांला पूर्ण स्वराज्य हवे, असा ठराव तेथे झाला. मग २६ जानेवारी १९३० हा दिवस नेमला. त्या दिवशी देशभर सभा भरल्या. स्वराज्याची प्रतिज्ञा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवली. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनीही ती कान देऊन ऐकली. राज्य इंग्रजांचे होते. १९३१ साली याच दिवशी कलकत्त्यात सुभाषबाबूंच्या मिरवणुकीवर लाठ्या पडल्या. तरी लोकांनी हा दिवस सोडला नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. मग राज्यघटना तयार झाली. राज्यघटना म्हणजे देशाचा कारभार कसा चालवायचा, याचा मुख्य कायदा. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना मंजूर झाली. पण ती पुरती लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. दोन महिने का थांबले? १९३० च्या त्या दिवसाची आठवण राहावी म्हणून.

या घटनेने अस्पृश्यता बंद केली. गरीब-श्रीमंत, बाई-बाप्या, सर्वांना एकेक मत दिले. तिचा पहिला शब्दच 'आम्ही' असा आहे. आम्ही म्हणजे कोण? तुम्ही, आम्ही, सगळे.

हे गावात कुठे दिसते? ग्रामसभेत. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. पैसा किती आला, कुठे खर्च झाला, हे विचारायचा त्याला हक्क आहे. विचारले म्हणजे भांडण काढले असे नव्हे.

त्या मुलीला अजून अठरा वर्षे पुरी नाहीत. तिला मत नाही, म्हणून तिने पत्र लिहिले. तुम्हांला मत आहे. आता वाचताही येते. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन करून लगेच घरी परतू नका. सभेला बसा. वही पुढे आली, तर आधी वाचा, मग सही करा.

तिची आजी आता रात्री आमच्या वर्गाला येते. परवा म्हणाली, "गुरुजी, अंगठा लई झाला. आता वाचल्याबिगर काही द्यायचं न्हाई."

पत्रात शुद्धलेखनाची एकच चूक निघाली. तेवढी आम्ही सुधारली आणि पत्र टपालात टाकले.