संगणकाचें परसदार

संगणकाची कळ दाबली म्हणजे थोड्याच वेळांत पडदा उजळतो व आपण कामास लागतों. परंतु एखादे दिवशीं तो वाटेंतच अडतो. तेव्हां काय करावें हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें, म्हणून आमच्यावरच गुदरलेला एक प्रसंग येथें सांगतों.

आमच्याकडे लिनक्स जातीच्या डेबियन प्रणालीवर चालणारा एक संगणक आहे. वर्गाचे सहामाही गुण त्यांतच होते. त्यांची दुसरी प्रत ठेवण्याचा आम्हीं आळस केला होता. एके सायंकाळीं त्यांतील एक जुनी, निकामी डिस्क आम्हीं काढून टाकली. दुसरे दिवशीं सकाळीं पालक गुणपत्रकें न्यावयास येणार होते. रात्रीं संगणक सुरू केला, तों दीड मिनिट थांबून तो आणीबाणीच्या अवस्थेंत गेला, आणि 'रूट' खातें बंद असल्यामुळें प्रवेश मिळणार नाहीं, असा निरोप पडद्यावर आला.

रूट हें संगणकाचें सर्वाधिकारी खातें होय. नेहमीं संगणक सुरू होतांना जाळें, छपाई, चित्रमय पडदा इत्यादि अनेक सेवा जाग्या होतात. दुरुस्तीच्या वेळीं त्यांना निजूं देऊन केवळ रूटला काम करूं देणें, यास 'सिंगल यूजर' अवस्था म्हणतात. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या लिनक्सनें ही सोय जुन्या युनिक्सपासून घेतली.

तिकडे जाण्याची रीत अशी: आरंभीं 'ग्रब' ची यादी दिसते, न दिसल्यास शिफ्ट अथवा एस्केप कळ दाबावी. पहिल्या नोंदीवर असतां इंग्रजी 'ई' दाबावें. 'लिनक्स' या शब्दानें सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं 'सिंगल' हा शब्द इंग्रजींत लिहून कंट्रोल व एक्स या कळा एकदम दाबाव्या. हा फेरफार त्या एका खेपेपुरताच असतो. म्हणून भिण्याचें कारण नाहीं.

आम्हीं तसें केलें. तथापि उत्तर तेंच आलें! विचार करितां दोन कारणें ध्यानांत आलीं. एक, 'एफएसटॅब' नांवाच्या यादींत काढलेल्या डिस्कची नोंद तशीच होती. सिंगल अवस्थाही त्या यादीप्रमाणें डिस्का जोडूं पाहते, व न सांपडलेल्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहून आणीबाणींत जाते. दुसरें, दोन्ही अवस्थांत रूटचा परवलीचा शब्द लागतो. डेबियन बसवितांना आम्हीं ती जागा रिकामी सोडली होती, आणि तसें केल्यास रूट खातें बंदच राहतें.

मग 'सिंगल' च्या जागीं 'इनिट', बरोबरीचें चिन्ह, तिरकी रेघ, 'बिन', पुन्हां तिरकी रेघ व 'बॅश' हीं अक्षरें मध्यें जागा न सोडतां लिहिलीं. यामुळें नेहमींचा पहिला कार्यक्रम वगळून थेट आज्ञापट उघडतो. परवल विचारणारें तेथें कोणीच नसतें. मात्र मूळ डिस्क या वेळीं केवळ वाचण्यापुरती जोडलेली असते. 'माउंट' आज्ञेस 'रिमाउंट' व 'आरडब्ल्यू' हे पर्याय देऊन ती लिहिण्यास मोकळी केली, 'नॅनो' संपादकांत यादी उघडली व त्या ओळीच्या आरंभीं जाळीचें चिन्ह घातलें, म्हणजे ती ओळ बाद झाली. शेवटीं 'सिंक' आज्ञेनें सारें डिस्कवर उतरवून संगणक पुन्हां सुरू केला. गुण जसेच्या तसे होते. सकाळीं गुणपत्रकें वेळेवर दिलीं गेलीं.

परंतु विद्यार्थ्यांनों, ज्या दारानें आम्ही आंत गेलों, त्याच दारानें कळफलकापाशीं बसलेला कोणीही जाऊं शकतो. ग्रबला परवल लावणें व डिस्क सांकेतिक रूपांत ठेवणें हे त्यावरील अडसर होत. दुसऱ्याच्या संगणकावर त्याच्या अनुमतीवांचून हा प्रयोग करूं नये. आणि ज्या कागदावर दुसऱ्यांची मुलें अवलंबून आहेत, त्याची एक प्रत अन्यत्र ठेवावी, हा धडा त्या रात्रीं विद्यार्थ्यांआधीं शिक्षकासच मिळाला.