मोबाईलवर अभ्यास, कागदावर परीक्षा

दहावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात गुणवंत मुलांचा सत्कार होतो, फोटो निघतात. त्या गर्दीत मागे उभी राहून टाळ्या वाजविणारी काही माणसे असतात. त्यांची स्वतःची शाळा आठवी-नववीतच सुटलेली असते. कुणाचे वडील गेले, कुणाचे लवकर लग्न झाले, कुणाला धाकट्या भावंडांसाठी घरी बसविले. अशांना आज दहावी व्हायचे असेल तर वाट मोकळी आहे. पण मोकळी आहे म्हणजे ती सोपी आहे, असे समजण्याची चूक आम्ही केली आणि तिची किंमत आमच्या एका भगिनीला मोजावी लागली. तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ही भगिनी तयार कपड्यांच्या कारखान्यात धागे कापण्याचे काम करते. वय चौतीस, मुलगा आठवीत. कारखान्यात माल तपासण्याची जागा निघणार होती. पगार थोडा बरा, पण दहावीचा दाखला हवा. ती आमच्याकडे आली व म्हणाली, "दादा, आता या वयात मला कोण शाळेत घेणार?"

आम्ही तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची माहिती दिली. केंद्र सरकारने ही संस्था १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने सुरू केली. सध्याचे नाव २००२ सालचे. येथे वरच्या वयाची अट नाही. पाच विषय घ्यायचे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते. एखादा विषय राहिला तर तेवढाच पुन्हा द्यावा लागतो, बाकीचे गुण जमा राहतात. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते. धडे पुस्तकात असतात, शिवाय केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्' वर शिक्षकांची व्याख्याने मोबाईलवर पाहता येतात.

तिने मराठी, हिंदी, गृहविज्ञान, चित्रकला आणि सामाजिक शास्त्र असे विषय घेतले. तेव्हा आम्ही मोठ्या शहाणपणाने सल्ला दिला, "ताई, बाकीचे चार आधी करा. सामाजिक शास्त्राचे काय, गोष्टीसारखे ऐकायचे." आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. जमा-खर्च अवघड आणि इतिहास-नागरिकशास्त्र हलके, ही समजूत आमच्या डोक्यात शाळेपासून बसलेली.

तिने आमचे ऐकले. भाकरी करताना, धुणे धुताना मोबाईल शेजारी ठेवून सगळी व्याख्याने ऐकली. निकाल लागला. चार विषय सुटले. सामाजिक शास्त्रात शंभरपैकी सत्तावीस. उत्तीर्ण व्हायला तेहेतीस हवे होते. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तोवर कारखान्यातली ती जागा भरली गेली.

ऐकणे म्हणजे अभ्यास नव्हे

आम्ही तिच्यासोबत बसलो. विचारले, "पंचायत राज म्हणजे काय?" तिने व्यवस्थित सांगितले, आपल्या गावचे उदाहरणही दिले. मग म्हटले, "हेच लिहा." तीन ओळी झाल्या आणि पेन थांबले. वीस वर्षे त्या हाताला लिहिण्याची सवयच नव्हती. वही उघडून पाहिली तर ती जवळजवळ कोरी.

तेव्हा आमच्या लक्षात आले की अभ्यास मोबाईलवर झाला तरी परीक्षा कागदावर असते. केंद्रावर जाऊन पेनाने लिहावी लागते. म्हणून नियम केला. एक व्याख्यान ऐकायचे, मोबाईल पालथा घालायचा आणि जे आठवते ते आपल्या शब्दांत दहा ओळींत लिहायचे. मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल पेनाने भरायचे. लाल शाई जिथे जास्त, तो धडा पुन्हा. रोज एकच धडा, पण लिहून. पहिला आठवडा तिची बोटे दुखली. महिन्याभराने पानभर उत्तर न थांबता येऊ लागले.

हिंदी व्याख्यान, मराठी उत्तर

तिने परीक्षेचे माध्यम मराठी घेतले होते, पण ऐकलेली व्याख्याने हिंदीत होती. त्यामुळे उत्तरात शब्दांची खिचडी होई. वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोन रकाने आखले. जलवायु म्हणजे हवामान, जनसंख्या म्हणजे लोकसंख्या, चुनाव म्हणजे निवडणूक, न्यायपालिका म्हणजे न्यायमंडळ, विधायिका म्हणजे कायदेमंडळ. नवा शब्द कानावर पडला की तिथे टिपायचा. चार पाने भरली आणि गोंधळ संपला.

गृहकार्य आणि नकाशा

या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाला गृहकार्य असते व त्याला वीस टक्के वजन असते. ते ठरलेल्या तारखेच्या आत द्यावे लागते. पहिल्या वेळी तिने कुठल्याशा व्हिडिओतून तयार उत्तरे उतरवून काढली होती. तयार उत्तरात आपले डोके चालत नाही, ही गोष्ट परीक्षेत कळते. शिवाय काही धडे गृहकार्यासाठी आणि काही लेखी परीक्षेसाठी असे वाटून दिलेले असतात. ही वाटणी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहूनच वेळापत्रक आखावे.

नकाशा तर ऐकून येतच नाही. भारताचे कोरे नकाशे वीस प्रती झेरॉक्स करून आणले. रोज रात्री एका नकाशात पाच नद्या, नाहीतर पाच राज्ये, नाहीतर पाच पिके. तिचे माहेर सोलापूरकडचे. सह्याद्रीच्या पश्चिमेला कोकणात धो धो पाऊस आणि पूर्वेला पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा, हे शिकताना ती म्हणाली, "म्हणजे आमच्या विहिरी का आटायच्या ते आज कळलं." त्या धड्यावर पुन्हा लाल शाई लागली नाही.

संविधान वस्तीत पाहावे

नागरिकशास्त्र पाठ करण्याचा विषय नव्हे. त्यातले बहुतेक सगळे आपल्या दारापर्यंत येते. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ ची, ती १ जून १९९३ पासून लागू झाली, एवढे घोकले तर आठवड्यात विसरते. पण गटाराची तक्रार कुणाकडे करायची, महापालिकेची कामे कोणती आणि राज्य सरकारची कोणती, वॉर्डात महिलांची राखीव जागा कुठून आली, हे शोधायला निघालो की तीच दुरुस्ती कायमची लक्षात राहते. मतदानाचे वय एकवीसवरून अठरा १९८९ साली झाले, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कलम एकवीस-अ मध्ये आहे, माहितीचा अधिकार २००५ सालचा आहे. प्रत्येकाला घरातले एक उदाहरण जोडायचे, असा आम्ही परिपाठ ठेवला. कलम सतरा, म्हणजे अस्पृश्यतेचे उच्चाटन, याचे उदाहरण तिला शोधावे लागले नाही. आजीने सांगितलेली पाणवठ्याची गोष्ट तिने लिहिली. ते उत्तर वाचताना आमचाही आवाज जड झाला.

ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, त्याच संविधानाच्या धड्याला आम्ही 'गोष्टीसारखे ऐका' म्हणालो होतो, याची त्या दिवशी लाज वाटली.

मोबाईल एक, माणसे तीन

सर्वांत मोठी अडचण वेळेची. घरात चांगला मोबाईल एकच. मुलाला अभ्यास, नवऱ्याला कामाचे फोन. शेवटी घरातल्यांनी बसून ठरविले की रात्री नऊ ते दहा मोबाईल आईचा. त्या तासात कुणी फोन मागायचा नाही आणि भांडी मुलाने घासायची. व्याख्याने आधी उतरवून ठेवली म्हणजे नेट गेले तरी खोळंबा होत नाही. आठवड्यातून एकदा विहारात आणखी दोघीजणी तिच्यासोबत बसू लागल्या. एकीने प्रश्न विचारायचा, दुसरीने सांगायचा, तिसरीने लिहायचा. एकटीने शिकणारी बाई चौथ्या आठवड्यात थकते. तिघी असल्या की एकमेकींना ओढून आणतात.

परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असताना वडील रामजी सुभेदार भीमरावांना आधी झोपवीत आणि रात्री दोनला अभ्यासासाठी उठवीत, ही गोष्ट आपण जयंतीला दरवर्षी सांगतो. घर लहान होते, पण एका मुलाच्या अभ्यासासाठी सगळ्यांनी आपली झोप बदलली होती. आपल्या घरात आईसाठी एक तास कुणी बदलतो का, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे.

परीक्षेआधी तिने घड्याळ लावून मागील प्रश्नपत्रिका तीन वेळा पूर्ण सोडविल्या. या वेळी सामाजिक शास्त्रात अठ्ठावन्न गुण मिळाले. गेलेली जागा परत आली नाही. पण पुढची निघेल तेव्हा दाखला हातात आहे, आणि ती आता बारावीचा अर्ज भरण्याचे बोलते. मुलगा आठवीचे नागरिकशास्त्र तिलाच विचारतो.

तेव्हा ज्यांची शाळा सुटली आहे अशा माता-भगिनींना आणि बांधवांना आमची विनंती आहे. लाजू नका, नाव नोंदवा. पण मोबाईलसोबत पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही आणि पेन विकत घ्या. आणि जे आमच्यासारखे सल्ला देणारे आहेत त्यांनी, कुठलाही विषय हलका आहे असे सांगण्यापूर्वी, त्याच्या एका प्रश्नाचे उत्तर स्वतः लिहून पाहावे.