प्रवाहमापक रडार, सागरी
किनाऱ्यावरून रेडिओ तरंग सोडून सागरपृष्ठावरील प्रवाहांचा वेग व दिशा ठरविणारी यंत्रणा. नदीमुखाजवळ भरती-ओहोटी, वारा व नदीचे गोडे पाणी यांमुळे प्रवाह सतत बदलतात. जहाजावरून एका वेळी एकाच ठिकाणचे मापन होते; रडारने विस्तृत क्षेत्राचा नकाशा तासातासाला मिळू शकतो.

या पद्धतीचे तत्त्व डग्लस क्रॉम्बी यांनी न्यूझीलंडमध्ये १९५५ साली मांडले. रेडिओ तरंगांच्या निम्म्या लांबीच्या सागरी लाटांपासून त्यांचे परावर्तन विशेष तीव्रतेने होते. ४.४ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सु. ६८ मी. असते, त्याला प्रतिसाद देणारी लाट सु. ३४ मी. लांबीची असून खोल व स्थिर पाण्यात तिचा वेग सेकंदाला सु. ७.३ मी. असतो. परत आलेल्या तरंगाच्या कंप्रतेतील बदलावरून निघणारा वेग व हा वेग यांतील फरक म्हणजेच पाण्याच्या प्रवाहाचा वेग होय. एका केंद्रावरून प्रवाहाचा केवळ त्या केंद्राच्या रोखाचा घटक कळतो. म्हणून केंद्रे जोडीने उभारतात.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर येथे उगम पावणारी कृष्णा नदी माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना व सांगलीजवळ हरिपूरला वारणा यांचे पाणी घेऊन सु. १,४०० किमी. प्रवासानंतर आंध्र प्रदेशात हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००८ नंतर भारतीय किनाऱ्यांवर दहा केंद्रांचे जाळे उभारले. त्यांतील मच्छलीपटनम् केंद्र कृष्णेच्या, तर त्याच्या जोडीचे यानम केंद्र गोदावरीच्या मुखप्रदेशात आहे. भारताच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह साधारणतः फेब्रुवारी ते मे ईशान्येकडे व ऑक्टोबर ते डिसेंबर नैर्ऋत्येकडे वाहतो. त्यामुळे पावसाळ्यानंतर नद्यांचे गोडे पाणी किनाऱ्याच्या कडेने दक्षिणेकडे नेले जाते.

या पद्धतीला महत्त्वाची मर्यादा आहे. रेडिओ तरंग खाऱ्या, सुसंवाहक पाण्यावरून दूर जातात. गोडे पाणी पसरले की रडारचा पल्ला घटतो. म्हणजे नदीचा प्रभाव जेव्हा सर्वाधिक, नेमका तेव्हाच नकाशा अपुरा राहण्याचा संभव असतो. शिवाय वरील कंप्रतेला पृष्ठालगतच्या सु. २ ते ३ मी. थराचाच प्रवाह कळतो व लवणता मुळीच कळत नाही. सांगलीस २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या महापुरासारखे पाणीही वाटेतील आलमट्टी, नागार्जुनसागर यांसारख्या धरणांतून व विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्यावरून नियंत्रित होऊनच समुद्रास मिळते. त्यामुळे नदीच्या पाण्याचा माग काढण्यासाठी रडारच्या नकाशाबरोबर बंधाऱ्यावरील विसर्गाच्या नोंदी व समुद्रातील लवणतामापन यांची जोड आवश्यक ठरते. भरकटलेल्या नौकांचा शोध व तेलतवंगाच्या मार्गाचा अंदाज यांसाठीही हे नकाशे उपयुक्त असतात.