गुप्तरोग चिकित्सालय : रुग्णविषयक माहितीची गोपनीयता

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांच्या निदानासाठी व उपचारासाठी आलेल्या व्यक्तीचे नाव, पत्ता, रोगनिदान, तिच्या लैंगिक संबंधांचा तपशील आणि ज्यांच्याशी संबंध आला त्या व्यक्तींची ओळख ही माहिती उपचारासाठी व रोगप्रसार रोखण्यासाठी आवश्यक तेवढीच वापरली जावी व अन्य कोणासही कळू नये, यासाठी चिकित्सालयात केलेली व्यवस्था. उपदंश (गरमी), परमा, एचआयव्ही संसर्ग इ. विकार या चिकित्सालयांच्या कक्षेत येतात. ‘गुप्तरोग’ हा मराठीत रूढ झालेला शब्द मूलतः गुप्तेंद्रियांशी निगडित आहे. परंतु रोगी जो लपवितो तो रोग, असाच अर्थ लोकव्यवहारात घेतला जातो. या व्यवस्थेपुढील बहुतेक प्रश्न त्या दुसऱ्या अर्थातूनच उद्भवलेले आहेत.

रुग्णाची माहिती बाहेर फोडू नये हा दंडक वैद्यकात प्राचीन आहे व हिपॉक्राटीझच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शपथेतही तो आढळतो. गुप्तरोगांच्या बाबतीत त्याला दोन गोष्टींमुळे वेगळे स्वरूप येते. पहिली म्हणजे, येथे केवळ चिकित्सालयात येणे हीच एक माहिती असते. हाड मोडलेल्या माणसास अस्थिरोग विभागाच्या दारात कोणी पाहिले, तर त्याचे काही बिघडत नाही. गुप्तरोग विभागाच्या दारात पाहिले, तर त्याचा विवाह, नोकरी वा घरातील स्थान धोक्यात येऊ शकते. दुसरी गोष्ट अशी की, येथील माहिती कधीच एकट्या रुग्णाची नसते. रोग कोणाकडून आला व पुढे कोणास गेला असण्याचा संभव आहे, हे विचारल्याशिवाय उपचार पुरा होत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत निदान एका अनुपस्थित व्यक्तीचे नाव येते व त्या व्यक्तीने आपली संमती दिलेली नसते. या दोन अडचणींतून मार्ग काढणारी व्यवस्था ब्रिटनमध्ये १९१६ पासून क्रमाक्रमाने घडत गेली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तिचा व शेवटी भारतातील तरतुदींचा विचार केला आहे.

नोंदवहीपासून गोपनीयतेकडे : एकोणिसाव्या शतकात यासंबंधीचे धोरण नेमके उलट होते. लष्करी छावण्या व बंदरे यांतील सैनिकांत रोग पसरू नये म्हणून ब्रिटनमध्ये १८६४, १८६६ व १८६९ मध्ये सांसर्गिक रोगविषयक कायदे झाले. त्यांनुसार वेश्याव्यवसायाचा संशय असलेल्या स्त्रीस तपासणीस भाग पाडण्याचा व रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या रुग्णालयात डांबून ठेवण्याचा अधिकार मिळाला. हिंदुस्थानात १८६८ मध्ये तशाच स्वरूपाचा कायदा झाला. तो काही वर्षे मुंबईतही अमलात होता. त्याखाली वेश्यांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत घातली जात. नोंद केवळ स्त्रियांची होई, त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची होत नसे. परिणामी स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या, वस्ती बदलू लागल्या आणि ज्यांच्यापर्यंत उपचार पोहोचावयास हवा होता त्याच दृष्टिआड झाल्या. जोसेफीन बटलर यांनी चालविलेल्या प्रदीर्घ चळवळीनंतर ब्रिटनमधील कायदे १८८६ मध्ये रद्द झाले व हिंदुस्थानातील कायदा १८८८ मध्ये रद्द झाला.

या अनुभवाची छाया १९१३ मध्ये नेमलेल्या गुप्तरोगविषयक शाही आयोगावर होती. आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड सिडनम हे १९०७ ते १९१३ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईतील सिडनम महाविद्यालयास त्यांचेच नाव आहे. आयोगाचा अहवाल १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शहरांतील लोकसंख्येपैकी निदान दहा टक्के लोकांना जन्मजात वा संपादित उपदंशाची बाधा झालेली असावी, असा त्यात अंदाज होता. एवढ्या लोकसंख्येवर सक्ती करणे अशक्य असल्याने, लोक आपण होऊन येतील अशी सोय करणे हाच मार्ग उरला. त्याच वर्षी झालेल्या नियमांनुसार जिल्हा व नगर मंडळांनी निदान व उपचार मोफत उपलब्ध करावयाचे, त्याच्या खर्चाचा तीन-चतुर्थांश भाग मध्यवर्ती शासनाने सोसावयाचा आणि रुग्णासंबंधी मिळालेली सर्व माहिती गोपनीय मानावयाची असे ठरले. गोपनीयता ही येथे रुग्णावर केलेली मेहेरबानी नव्हती. औषधाइतकेच ते रोगनियंत्रणाचे एक साधन होते. देवी, पटकी इ. रोगांबाबत वैद्याने रोग्याचे नाव अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक असताना गुप्तरोगांना त्यातून वगळण्यात आले, ते याच कारणाने.

चिकित्सालयातील व्यवहार : रुग्ण कोणत्याही गावचा असला, तरी त्याला कोणत्याही चिकित्सालयात नेहमीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जाता येई. चिकित्सालयास ‘विशेष विभाग’ असे मोघम नाव असे व त्याचे दार बहुधा रुग्णालयाच्या मागील बाजूस वा तळघरात असे. या आडोशामुळे रुग्णाची ओळख झाकली गेली. पण येथे येणे लाजिरवाणे आहे, हा समजही त्यामुळेच पक्का झाला. आलेल्या रुग्णास एक क्रमांक दिला जाई व प्रतीक्षागृहात नावाऐवजी क्रमांकानेच पुकारले जाई. केसपेपर, रक्ताच्या नमुन्याची नळी, प्रयोगशाळेचा अहवाल या सर्वांवर तोच क्रमांक असे. नाव व क्रमांक यांचा मेळ घालणारी सूची तेवढी चिकित्सालयात कुलपात राही. हे केसपेपर रुग्णालयाच्या सामान्य दप्तरात मिसळले जात नसत. रुग्णाने खोटे नाव सांगितले, तरी उपचार नाकारला जात नसे. मात्र या सवलतीस किंमत पडते : तपासणीत रोग आढळूनही रुग्ण परत न आल्यास खोट्या नावापत्त्यावर त्याला शोधता येत नाही. म्हणून नाव खरे सांगा, ते बाहेर जाणार नाही, असे आश्वासन देणे व ते पाळणे हेच अनुभवाने अधिक उपयुक्त ठरले.

आरंभीचे नियम इतके कडक होते की, एका चिकित्सालयातून दुसऱ्या डॉक्टरला माहिती देणेही संशयास्पद वाटे. १९६८ मधील व त्यांच्या जागी आलेल्या १९७४ मधील नियमांनी ही मर्यादा स्पष्ट केली. रुग्णाची ओळख पटेल अशी माहिती दोनच हेतूंनी देता येते : रोग्यावर उपचार करणे व रोगाचा प्रसार रोखणे, आणि ती डॉक्टरला वा त्याच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या व्यक्तीलाच देता येते. विमा कंपनी, मालक किंवा पालक यांना या चौकटीत स्थान नाही. रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरलाही प्रघात म्हणून रुग्णाच्या संमतीशिवाय कळविले जात नाही.

या वेगळ्या दप्तराची एक बाजू धोक्याची आहे. एचआयव्ही संसर्गावरील रिटोनाव्हीर हे औषध घेणाऱ्या रुग्णास दुसऱ्या डॉक्टरने, त्याची कल्पना नसताना, दम्यासाठी फ्लुटिकासोन हे श्वसनमार्गे घ्यावयाचे औषध दिले, तर ते शरीरात साचून अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावते व रुग्ण गंभीर आजारी पडू शकतो. म्हणून दीर्घकाळ उपचार घेणाऱ्या रुग्णांची, इतर डॉक्टरांना कळविण्यासाठी, समजूत घालण्याकडे चिकित्सालयांचा कल वाढला. निर्णय मात्र रुग्णाचाच असतो.

सोळा वर्षांखालील मुलामुलींचा प्रश्न १९८५ मधील हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या एका निर्णयाने बराचसा सुटला. परिणाम समजण्याइतकी पक्वता असल्यास त्यांना पालकांना न कळविता सल्ला व उपचार देता येतो. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास मात्र मौन पाळता येत नाही, आणि हे त्यांना अगोदरच सांगावे लागते.

संपर्क-शोध : गोपनीयतेची खरी कसोटी येथे लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने पुन्हा एकदा सक्तीचा आश्रय घेतला. १९४२ च्या अखेरीस निघालेल्या ‘नियम ३३ ब’ अन्वये दोन वा अधिक रुग्णांनी एकाच व्यक्तीचे नाव रोगाचे मूळ म्हणून सांगितल्यास तिला तपासणीस भाग पाडता येई. प्रत्यक्षात बहुतेक नावे एकाच रुग्णाकडून येत व तेथे हा नियम निरुपयोगी ठरे. अशा व्यक्तींना घरी जाऊन, मूळ रुग्णाचे नाव न सांगता, केवळ समजावून चिकित्सालयात आणण्याचा प्रयोग टाइन नदीकाठच्या औद्योगिक भागात १९४३ पासून झाला व तो यशस्वी ठरला. सक्तीचा नियम १९४७ च्या अखेरीस संपला. समजावणीची पद्धत टिकली.

ती पद्धत सामान्यतः पुढीलप्रमाणे चालते. रुग्ण स्वतः आपल्या जोडीदारास सांगण्यास तयार असल्यास त्याला एक चिठ्ठी देतात. तीवर रुग्णाचा क्रमांक, तारीख व रोगाचे सांकेतिक अक्षर असते. रोगाचे वा रुग्णाचे नाव नसते. जोडीदार ती घेऊन कोणत्याही चिकित्सालयात गेल्यास तेथील डॉक्टरला काय तपासावयाचे ते कळते. चिठ्ठी वाटेत हरवली, तर सापडणाऱ्यास काहीच कळत नाही. रुग्ण सांगू इच्छीत नसल्यास चिकित्सालयातील आरोग्य सल्लागार जोडीदाराशी संपर्क साधतो व तपासणी करून घेणे इष्ट आहे, एवढेच सांगतो. ज्या व्यक्तीला एकच जोडीदार आहे, तिला हे कोणामुळे घडले याचा तर्क अर्थातच करता येतो. नाव न सांगण्याची कितीही काळजी घेतली, तरी हे छिद्र बुजत नाही. म्हणून संपर्क साधण्यापूर्वी रुग्णास त्याची कल्पना देणे आवश्यक मानतात.

सांख्यिकी : रोगाचा फैलाव मोजण्यासाठी मध्यवर्ती संस्थेकडे आकडे पाठवावे लागतात; पण त्यांत नावे असून चालत नाही. केवळ संख्या पाठविल्यास एकच रुग्ण दोन ठिकाणी मोजला जाण्याचा संभव राहतो. एचआयव्हीच्या नोंदींसाठी यावर ‘साउंडेक्स’ ही जुनी युक्ती वापरण्यात आली. इंग्रजी वर्णलेखनातील आडनावाचे पहिले अक्षर तसेच ठेवावयाचे, नंतरचे स्वर गाळावयाचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चारसाम्यानुसार १ ते ६ पैकी अंक द्यावयाचे, तीन अंक झाले की थांबावयाचे व कमी पडल्यास शून्य लावावयाचे, अशी तिची रीत आहे. स्मिथ, श्मिट व संधू ही तिन्ही आडनावे त्यामुळे ‘एस ५३०’ होतात. जन्मतारीख व लिंग यांच्या जोडीने हा संकेत एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी जुळविण्यास पुरतो. संकेतावरून आडनाव मात्र निश्चित करता येत नाही.

न्यायालये व संगणक : एका वृत्तपत्राने आरोग्य संस्थेच्या कर्मचाऱ्याकडून दोन डॉक्टरांच्या एचआयव्ही विकाराची माहिती मिळविली, तेव्हा ती छापण्यास इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने मनाई केली (निर्णय प्रसिद्ध १९८८). वृत्तपत्रस्वातंत्र्यातही लोकहित आहे हे न्यायालयाने मान्य केले. पण रुग्णालयाची नोंद फुटत नाही या विश्वासाने रुग्ण उपचारास येत राहणे हे अधिक मोठे लोकहित ठरविले. १९१६ च्या नियमांमागील विचारच येथे न्यायालयाच्या भाषेत आला.

संगणक आल्यावर कुलूपबंद सूचीची जागा संकेतशब्दाने घेतली आणि कोणत्या कर्मचाऱ्याने कोणती नोंद केव्हा उघडली याची आपोआप नोंद ठेवता येऊ लागली. रुग्णाशी कोणत्या मार्गाने संपर्क साधावा हे त्यालाच विचारण्याची, तसेच मोबाईलवरील संदेशात चिकित्सालयाचे वा तपासणीचे नाव न घालण्याची प्रथा पडली. तरीही २०१५ मध्ये लंडनमधील एका चिकित्सालयाने वार्तापत्र पाठविताना सुमारे ७८० व्यक्तींचे ई-मेल पत्ते प्रत्येकास दिसतील अशा रकान्यात घातले. बहुतेक पत्त्यांबरोबर पूर्ण नावेही होती. एकही रोगनिदान वा तपासणीचा अहवाल त्यात नव्हता. यादीत नाव असणे हीच माहिती होती. चिकित्सालय चालविणाऱ्या संस्थेस पुढील वर्षी १,८०,००० पौंड दंड झाला.

भारत : भारतात या प्रश्नाची चर्चा मुख्यतः एचआयव्हीच्या संदर्भात झाली. रक्तदानाच्या वेळी संसर्ग आढळलेल्या एका व्यक्तीची माहिती रुग्णालयाकडून बाहेर गेली व त्याचा ठरलेला विवाह मोडला. त्याने केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नियोजित वधूचा जीविताचा हक्क रुग्णाच्या गोपनीयतेहून श्रेष्ठ ठरविला. अशा व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो असेही त्या निकालात म्हटले होते. तो भाग अनावश्यक होता असे त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २००२ मध्ये स्पष्ट केले.

या अनिश्चिततेवर संसदेने २०१७ मध्ये केलेला एचआयव्ही व एड्‌सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार कायद्यात सांगितलेले अपवाद वगळता व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिच्या संसर्गाची माहिती उघड करता येत नाही आणि अशा नोंदी बाळगणाऱ्या संस्थांनी त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था केली पाहिजे. जोडीदारास कळविण्याची मुभा डॉक्टर वा समुपदेशक यांना आहे. पण तत्पूर्वी रुग्णाला स्वतः सांगण्याचा सल्ला दिलेला असावा, तो सांगणार नाही अशी खात्री झालेली असावी व आपण कळविणार असल्याचे त्याला सांगितलेले असावे लागते. कळविल्याने मारहाण किंवा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल, तर कळवू नये असेही बंधन आहे व ते घालताना कायद्याने स्त्रियांचा विशेष उल्लेख केला आहे. भारतीय घरात तपासणी प्रथम बहुधा गर्भवतीचीच होते व रोग तिनेच आणला असे ठरविले जाते, हे ध्यानात घेता या तरतुदीचे महत्त्व कळते. अशा व्यक्तीस न्यायालयात दाद मागावयाची असल्यास तिचे नाव दडवून टोपणनावाने कामकाज चालविण्याची सोयही या कायद्यात आहे. उपदंश, परमा इ. अन्य गुप्तरोगांच्या रुग्णांना हा कायदा लागू नाही.