माझगांवची इस्राएली शाळा व तिचे गुरुजन

शिक्षकांचा सत्कार हा आतां आपल्याकडे एक ठरीव समारंभ होऊन बसला आहे. १९६२ सालापासून ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन म्हणून पाळण्यांत येतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ व चार भाषणें असा त्या दिवशींचा बेत असतो. शिरूर काय, दौंड काय, अथवा पुणें-मुंबई काय, त्याचें स्वरूप सर्वत्र सारखेंच. त्यांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु शाल घडी करून पेटींत ठेवली म्हणजे पुढें काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. गुरूचा मान राखणें म्हणजे नेमकें काय करणें, याचें एक उत्तर मुंबईंतील एका लहानशा समाजानें आपल्या कृतीनें दिलें आहे. तो समाज मराठी मुलखांतला, मराठी बोलणारा, आणि तरीही आपल्या घरांतून फारसा परिचित नसलेला. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

बेने-इस्राएल म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें. आजच्या रायगड जिल्ह्यांत, अलीबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर, आपल्या पूर्वजांचें तारूं फुटलें व त्यांतून वांचलेल्या मोजक्या स्त्रीपुरुषांपासून आपला वंश वाढला, अशी या यहुदी लोकांची परंपरागत समजूत आहे. कोंकणांत ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवार हा त्यांच्या धर्मांतला विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशीं घाणा बंद. यावरून शेजारीपाजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, तळकर अशीं गांवावरून पडलेलीं त्यांचीं आडनांवें ऐकून परका मनुष्य त्यांस कोंकणांतील इतर लोकांहून वेगळें ओळखूं शकणार नाहीं. पुढें इंग्रजी अमलांत त्यांतील पुष्कळ कुटुंबें मुंबईस आलीं, आणि पलटण, रेल्वे व सरकारी कचेऱ्या यांतून त्यांनीं इमानानें चाकरी केली.

शेंकडों वर्षें या लोकांनीं शनिवार पाळला, सुंतेचा संस्कार सोडला नाहीं, भक्ष्याभक्ष्याचे नियम सांभाळले आणि 'शेमा' ही एक प्रार्थना तोंडीं ठेविली. परंतु ग्रंथ हातीं नव्हता व ग्रंथाची हिब्रू भाषा विसरली गेली होती. आचार आहे, पण त्याचा अर्थ सांगणारा कोणी नाहीं, अशी ती स्थिति. आपल्याकडेही संध्येचे मंत्र पाठ आहेत परंतु अर्थ ठाऊक नाहीं अशीं घरें कमी नाहींत. तेव्हां या समाजाची अडचण काय होती हें समजण्यास आपणांस कठीण पडूं नये.

ही उणीव ज्यांनीं भरून काढली ते सर्व शिक्षक होते. १८२६ च्या सुमारास कोचीनचे कांहीं यहुदी शिक्षक मुंबईकडे व कोंकणांत आले आणि त्यांनीं मुलांस हिब्रू वाचावयास शिकविलें. स्कॉटलंडचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रूचें लहानसें व्याकरण छापलें. या लोकांनीं ख्रिस्ती व्हावें अशी मिशनऱ्यांची इच्छा होती, हें उघड आहे. घडलें तें निराळें. बेने-इस्राएलांनीं मिशनच्या शाळांतून विद्या घेतली, हिब्रूही घेतली, आणि तिच्याच बळावर आपला धर्म अधिक समजून-उमजून पाळूं लागले. ख्रिस्ती फारच थोडे झाले. पण ज्यानें भाषा दिली त्याचे उपकार मात्र ते विसरले नाहींत. गुरूचा हेतु आपणांस मान्य नसला तरी त्यानें दिलेली विद्या मान्य करावी, एवढी मनाची मोकळीक या समाजापाशीं होती.

मिशनच्याच शाळेंत शिकलेले जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) हे पुढें मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या धर्मादाय शाळेचे मुख्याध्यापक झाले. शिक्षकाच्या पेशांत त्यांनीं सुमारें चाळीस वर्षें काढलीं आणि फावल्या वेळांत हिब्रू प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें केलीं. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही त्यांची नेमणूक झाली होती. जी भाषा आजोबांस ठाऊक नव्हती तिची परीक्षा नातू विद्यापीठांत घेऊं लागला, असा हा पालट दोन पिढ्यांत घडून आला. याच काळांत, १८७४ सालीं, आपल्या पुण्यांत हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत 'हगादा' हें पुस्तक छापून निघालें. वल्हांडणाच्या रात्रीं सर्व कुटुंब एकत्र बसून मिसर देशांतून झालेल्या सुटकेची कथा जें वाचतें, तें हें पुस्तक. आतां घरची मंडळीं ती कथा आपल्या भाषेंत वाचूं लागलीं.

दुसऱ्याच वर्षीं, १८७५ सालीं, अलीबागेस जन्मलेले हाईम सॅम्युएल केहिमकर (१८३०–१९०८) यांनीं आपल्या बंधूंच्या व स्नेह्यांच्या साहाय्यानें मुंबईंत इस्राएली शाळा काढली. व्यवहाराच्या विद्येबरोबर मुलांस हिब्रू व धर्मज्ञानही मिळावें हा तिचा उद्देश. लहानशा प्राथमिक शाळेपासून आरंभ होऊन १८९२ सालीं ती हायस्कूल झाली. पुण्यांत चिपळूणकर, टिळक प्रभृतींनीं न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलें तें १८८० सालीं. म्हणजे ही शाळा त्याच्या आधीं पांच वर्षें. दोन्ही ठिकाणची प्रेरणा जवळजवळ एकच होती. सरकारची किंवा मिशनची शाळा आहे तेवढ्यावर समाधान न मानतां, आपलीं मुलें आपण शिकवूं, ही ती प्रेरणा.

केहिमकरांनीं आपल्या समाजाचा मोठा इतिहासही इंग्रजींत लिहिला. तो १८९७ मध्यें लिहून पुरा झाला. छापला गेला मात्र १९३७ सालीं, तोही दूर तेल-अवीव शहरांत. लेखकास जाऊन तेव्हां एकोणतीस वर्षें झालीं होतीं. शाळा काढणाराच्या वांट्यास मान बहुधा असा उशिरा येतो.

यहुदी परंपरेंत गुरूचें स्थान काय आहे हें येथें सांगितलें पाहिजे. हिब्रूंत धर्मशास्त्रास 'तोरा' म्हणतात व शिक्षकास 'मोरे' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. त्यांच्या तालमूद ग्रंथांत शाळेसंबंधीं नियम आहेत, ते आजच्या शिक्षणखात्यानेंही पाहावे असे आहेत. एका शिक्षकाकडे पंचवीस मुलें असावीं. संख्या चाळीसपर्यंत गेली तर गांवाच्या खर्चानें त्यास मदतनीस द्यावा. पन्नास झालीं तर दोन शिक्षक नेमावे. शिक्षकाचा मान राखण्याचें काम तेथें भाषणावर न सोडतां गांवाच्या जमाखर्चांत घातलेलें आहे.

आतां या शाळेच्या ज्या मुख्याध्यापिका सर्वांत प्रसिद्ध झाल्या, त्यांजकडे वळूं. शिरूर-दौंडकडील ज्या घरांतून मुली शिकावयास पुण्यास जात, त्या घरांतून हुजूरपागेचें नांव कोणास ठाऊक नाहीं? १८८४ सालीं न्या. रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनीं काढलेली ही मुलींची शाळा. तिची एक विद्यार्थिनी रिबेका रूबेन (१८८९–१९५७) ही १९०५ सालीं मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेंत सर्वांत पहिली आली. मुंबई इलाखा त्या वेळीं सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेला होता, आणि मुलींनीं शिकावें कीं नाहीं यावर अजून वाद चालत. अशा काळीं सगळ्या मुलग्यांना मागें टाकून एक मुलगी पहिली आली, हें वर्तमान किती घरांतून चर्चिलें गेलें असेल! त्याच हुजूरपागेंत शिकलेल्या बेने-इस्राएल समाजाच्या दुसऱ्या कन्या डॉ. जेरूशा झिराड (१८९०–१९८३) पुढें स्त्रीरोगांच्या नामांकित डॉक्टर झाल्या व १९६६ सालीं पद्मश्री किताबाच्या मानकरी ठरल्या. ब्राह्मणांच्या पुढाकारानें निघालेल्या शाळेनें यहुदी मुलींस आपल्या मानलें, त्याचें हें फळ.

रिबेकाबाईंनीं इंग्लंडांत जाऊन पुढील अभ्यास केला. एवढ्या बुद्धीच्या व एवढ्या नांवलौकिकाच्या स्त्रीस मोठ्या जागा मिळाल्या नसत्या असें नाहीं. त्यांनीं १९२२ सालीं आपल्या समाजाच्या शाळेची धुरा घेतली आणि १९५० पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षें, ती खांद्यावरून उतरविली नाहीं. या अवधींत त्यांनीं मुलांसाठीं इंग्रजी वाचनमालाही लिहिली. १९३० नंतरच्या दशकांत हाँगकाँग व शांघाय येथील धनिक यहुदी व्यापारी सर एली कदूरी यांच्या देणगीमुळें शाळेस त्यांचें नांव दिलें गेलें, आणि माझगांवांतील ती शाळा आजही त्याच नांवानें ओळखली जाते. इमारतीवर नांव दात्याचें असतें, तें योग्यच आहे. द्रव्यावांचून भिंती उभ्या राहत नाहींत. पण भिंतींच्या आंत अठ्ठावीस वर्षें रोज सकाळीं कोण उभें राहिलें, हें नांवाच्या पाटीवर लिहिलेलें नसतें. तें विद्यार्थ्यांनींच सांगावें लागतें.

या शाळेची खरी कसोटी पुढेंच लागली. १९४८ सालीं इस्राएलचें राष्ट्र स्थापन झालें. त्या वेळीं हिंदुस्थानांत बेने-इस्राएल सुमारें वीस हजार होते. पुढील कांहीं दशकांत त्यांतील बहुतेक तिकडे गेले, आणि आज येथें कांहीं हजारच उरले आहेत. गेलेल्या मंडळींनीं आपली भाषा सोडली नाहीं. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं तिकडेही चालविलें. पण ज्या समाजासाठीं शाळा काढली तो समाजच निघून गेला, तर त्या शाळेचें काय करावें? कुलूप लावून जागा विकणें सोपें होतें. तसें झालें नाहीं. यहुदी मुलें बोटांवर मोजण्याइतकीं राहिलीं, तरी दार उघडें राहिलें, आणि आजूबाजूच्या वस्तींतील निरनिराळ्या धर्मांचीं मुलें त्या बांकांवर येऊन बसलीं. आपल्या मुलांसाठीं वडिलांनीं लावलेल्या झाडाचीं फळें शेजाऱ्याच्या मुलांस मिळावीं आणि त्याबद्दल मनांत किंतु नसावा, हा त्या गुरुजनांचा सर्वांत मोठा सत्कार होय असें मला वाटतें. केहिमकरांची किंवा रिबेकाबाईंची तसबीर भिंतीवर आहे कीं नाहीं, यापेक्षां वर्गांत मूल आहे कीं नाहीं हें अधिक महत्त्वाचें.

असो. ही हकीकत आपणांस लागू कशी पडते, एवढें सांगून लेख संपवितों. आपल्या तालुक्यांतल्या शाळांतही तीस-तीस वर्षें खडू झिजवून निवृत्त झालेले मास्तर व बाई आहेत. आपल्या एकत्र कुटुंबांत एकाच मास्तरांच्या हाताखालीं आजोबा, वडील व मुलगा शिकले अशीं उदाहरणें विरळा नाहींत. पण त्याच घरांत हुशार मुलगा 'मला शिक्षक व्हावयाचें आहे' म्हणाला, तर किती आईबापांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल? मॅट्रिकला पहिली आलेली मुलगी एका लहान समाजानें शाळेला दिली, तिनेंही आयुष्याचीं अठ्ठावीस वर्षें तिथें वेंचलीं. आपण शाळेला बहुधा जें उरतें तें देतों, आणि वर शाल पांघरतों.

शाल अवश्य द्यावी. परंतु तिच्याबरोबर तीन गोष्टी कराव्या. ज्यांनीं आपणांस शिकविलें त्यांची हकीकत, ते हयात असतांनाच, विचारून लिहून ठेवावी; केहिमकरांच्या ग्रंथाप्रमाणें ती चाळीस वर्षें पडून राहूं नये. आपलीं मुलें शिकून बाहेरगांवीं गेलीं म्हणून गांवच्या शाळेकडे पाठ फिरवूं नये. तींत आतां ज्यांचीं मुलें आहेत तीं आपलींच समजावीं. आणि घरांतलें एखादें बुद्धिमान मूल शिक्षक होऊं म्हणेल, तर त्यास आडवूं नये. यांपैकीं एकही गोष्ट घडली नाहीं, तर ५ सप्टेंबरचीं आपलीं भाषणें कितीही गोड असलीं तरी गुरूचें ऋण आपल्या नांवावर तसेंच राहील.