दिवसांचे महिने करताना

पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते, म्हणजे १८२ दिवस. त्याचे महिने किती? ‘सहा’ असं आपण पटकन म्हणतो. पण लीप वर्ष नसताना रजा १ जानेवारीला सुरू झाली, तर १८२वा दिवस येतो १ जुलैला. १ जुलैला सुरू झाली, तर २९ डिसेंबरला. एकदा सहा महिन्यांवर एक दिवस जास्त, एकदा दोन दिवस कमी.

म्हणून आधी एवढंच पाहावं: सुरुवातीची तारीख हाती आहे का?

नसेल, तर अंदाजावर भागवावं लागतं. तोंडी हिशेबाला ३०ने भागलेलं पुरतं. जरा नेमकं हवं असेल तर ३०.४४ने भागा, वर्षाच्या दिवसांचे बारा सारखे भाग केले की महिन्याची ही सरासरी निघते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो यापुढे. १०० भागिले ३०.४४ केले की कॅल्क्युलेटर ३.२८ दाखवतो आणि आपण वाचतो ‘तीन महिने २८ दिवस’. टिंबानंतरचा आकडा, म्हणजे दशांश भाग, हे दिवस नव्हेत. तो महिन्याचा तुकडा आहे. ०.२८ला पुन्हा ३०.४४ने गुणा, साडेआठ येतील. उत्तर तीन महिने आणि आठ-नऊ दिवस. दशांश दिसला की थांबायचं, एवढी सवय लावून घेतली तरी पुष्कळ.

तारीख हाती असेल, तर भागाकार बाजूला ठेवा आणि कॅलेंडर काढा. १५ जानेवारी २०२५पासून १०० दिवस मोजायचे आहेत असं धरू. १५ एप्रिलपर्यंत तीन महिने होतात, त्यांत ९० दिवस गेले. उरले दहा, म्हणजे २५ एप्रिल. तेच १५ जुलैपासून मोजलं तर १५ ऑक्टोबरपर्यंतच ९२ दिवस जातात आणि वर आठच उरतात.

पहिला दिवस धरायचा की सोडायचा, हेही आधीच ठरवा. १ ते १० जून रजा म्हणजे दहा दिवस. पण १०तून १ वजा केला की नऊच येतात. रजेत दोन्ही टोकं धरतात.

३१ जानेवारीनंतर एक महिना म्हटलं तर फेब्रुवारीत ३१ तारीखच नाही. अशा वेळी साधारणपणे महिन्याचा शेवटचा दिवस धरतात.

कागदावर मुदत महिन्यांत लिहिली असेल, तर तिचे दिवस करूच नका. आपल्याकडच्या कायद्यांत ‘महिना’ म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना. पंचांगातला साडेएकोणतीस दिवसांचा नव्हे आणि सरसकट तिसाचाही नव्हे. २०१२च्या एप्रिलपासून धनादेशाची मुदत तीन महिने आहे, आणि लोक बिनधास्त ९० दिवस मोजतात. १ फेब्रुवारी २०२५च्या धनादेशाचे ९० दिवस २ मेला भरतात, तीन महिने त्याआधीच उलटलेले असतात.