मनाचे कारागीर (लेखांक ९) : गुणपत्रिकाच नको

१९३०च्या दशकातला एक उन्हाळा. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात विशीही न गाठलेला एक लाजाळू पोरगा रोज हजेरी लावायचा. मुलींशी बोलायचे म्हटले की त्याची बोबडी वळे. म्हणून त्याने स्वतःलाच नेम घालून दिला होता : बाकावर एकटी बाई दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचे आणि मिनिटाच्या आत तोंड उघडायचे. महिनाभरात तो एकशे तीस जणींशेजारी बसला. तीस उठून गेल्या. उरलेल्या शंभरांशी तो काहीबाही बोलला. त्यांतली एक जण पुन्हा भेटायला कबूल झाली, आणि ती आलीच नाही.

हा पोरगा म्हणजे पुढे मानसशास्त्रज्ञ झालेला अल्बर्ट एलिस. हिशेबाने पाहिले तर निकाल शून्य. पण नकार पचतो, त्याने माणूस मरत नाही, हे त्याला शंभर वेळा अनुभवून कळले. कुणी किंचाळले नाही, कुणी पोलिसांना बोलावले नाही, असे तो पुढे आयुष्यभर रंगवून सांगत असे. (आज असा प्रयोग कुणी केला तर पोलीस खरेच येतील, आणि त्यांनी यावेच. एलिसच्या गोष्टीत त्या एकशे तीस जणींना काय वाटले, ते कुठेच येत नाही.)

गेल्या आठवड्यात आपण कार्ल रॉजर्स पाहिले. समोरच्याला विनाअट स्वीकारा, त्या उबेत तो स्वतःला स्वीकारायला शिकेल, हे त्यांचे सूत्र. एलिस इथेच अडून बसतो. समुपदेशकाने मला चांगले म्हटले म्हणून मी चांगला, यात अट गेली कुठे? आधी आईवडिलांच्या शेऱ्यावर जगणारा माणूस आता समुपदेशकाच्या शेऱ्यावर जगू लागला, एवढाच फरक. एलिस स्वतः मनोविश्लेषणाच्या तालमीत तयार झाला होता. रुग्णाचे बालपण वर्षानुवर्षे उकरत बसण्याला कंटाळून १९५५च्या सुमारास त्याने स्वतःची पद्धत मांडली. आपल्याकडे ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते.

तिचा गाभा असा की घटना थेट दुःख देत नाही. घटना आणि दुःख यांच्यामध्ये आपला एक हट्टी समज उभा असतो. हे बीज त्याने ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसकडून उचलले. पण आत्मसन्मानाबद्दल तो जे म्हणाला ते त्याचे स्वतःचे, आणि ऐकणाऱ्याला चक्रावून टाकणारे. आत्मसन्मान वाढवू नका, म्हणाला. तो मोजणेच थांबवा. कामाला गुण द्या, वागण्याला द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका. ज्या मापाने आज पंचाण्णव मिळाले, त्याच मापाने उद्या पस्तीस मिळणार, आणि पंचाण्णववालाही मग रात्रभर कूस बदलत राहणार.

समजा, राज्यसेवेची मुख्य परीक्षा तिसऱ्यांदा हुकलेला मुलगा समोर बसला आहे.

'सर, मी नापास माणूस आहे.'

'परीक्षेत नापास झालास, हे मान्य. माणूस म्हणून नापास होण्याची परीक्षा कोणत्या केंद्रावर असते?'

'पण घरच्यांनी माझ्यासाठी कर्ज काढलंय.'

'ती अडचण खरी आहे, तिच्यावर वेगळं बोलू. आंब्याच्या पेटीत चार डागी निघाले तर काय करतोस?'

'डागी बाजूला काढतो.'

'पेटी उकिरड्यावर नाही टाकत?'

इथे 'तू हुशार आहेस रे, होईल पुढच्या वेळी' असे म्हणायचा मोह कुणालाही होईल. या पद्धतीचा समुपदेशक तो आवरतो, कारण पुढच्या वेळी नाही झाले, तर?

नुसत्या बोलण्यावर एलिसचा भरवसा नव्हता. तो गृहपाठ देई आणि गृहपाठही अफलातून : केळ्याला लाल फीत बांधून ते कुत्र्यासारखे रस्त्याने फिरवा, नाहीतर भुयारी रेल्वेत प्रत्येक स्टेशनाचे नाव मोठ्याने पुकारा. नोकरी जाईल किंवा दुसऱ्याला इजा होईल असे काही करायचे नाही, हे मात्र बजावून. लोक हसतील, करायचे काम इतकेच की त्या हसण्यावरून स्वतःवर शिक्का मारायचा नाही. आपल्याकडे गर्दीच्या लोकलमध्ये 'पुढचं स्टेशन घाटकोपर' असे कुणी ओरडले, तर चारजण आभार मानून दाराकडे सरकतील, हा भाग निराळा.

अमेरिकेत याच काळात वारे उलटे वाहत होते. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कृतिदल नेमले. पण २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळले, तेव्हा नुसता आत्मसन्मान फुगवून मुलांची शाळेतली प्रगती सुधारते, असे दिसले नाही. २००५ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या एलिसने आत्मसन्मान हे मिथक आहे असे सांगणारे पुस्तकच काढले.

महाराष्ट्रात हा विचार रुजवला मुंबईच्या किशोर फडके यांनी. एलिसशी त्यांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या आयपीएच संस्थेतही ही पद्धत वापरली जाते. अंजली जोशींच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे ती दवाखान्यात कधीच न गेलेल्या वाचकांपर्यंत पोहोचली.

एलिस फटकळ होता. भर व्याख्यानात शिव्या देई, आणि आधीच खचलेल्या माणसाला त्याची उलटतपासणी बोचत असणार. हिंसाचार सोसलेल्या बाईला पहिल्याच भेटीत 'तुझा समज तपास' म्हणणे हा तर क्रूरपणा. आज ही पद्धत वापरणारे चांगले समुपदेशक आधी ऐकून घेतात, पेटी नंतर उघडतात.

२००५ मध्ये त्याच्याच संस्थेच्या संचालक मंडळाने त्याला काढून टाकले. पुढच्या जानेवारीत न्यायालयाने परत बसवले. मधल्या काळातही त्याच्या शुक्रवारच्या जाहीर कार्यशाळा थांबल्या नाहीत. लोकांसमोर स्वयंसेवकाला मंचावर बोलावून त्याचा प्रश्न सोडवायचा, हा त्याचा जुना शिरस्ता. तो त्याने शेजारच्या भाड्याच्या जागेत चालू ठेवला.

(पुढच्या आठवड्यात : एरन बेक आणि विचारांची वही)